मामाच्या खिशातला कांदा

आमच्या मामाच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, कांदा असतो. साल काढलेला, बूड खरवडून साफ केलेला, लिंबाएवढा. कुणाकडे गेल्यावर पाण्याचा ग्लास समोर आला की मामा पाणी पीत नाही. ग्लासावर कांदा ठेवतो, बूड पाण्याला टेकेल असा, आणि घरच्या बाईला बजावतो, "दोन-तीन दिवस हलवू नका हां. मी येतो मुळं बघायला."

आता सांगा, अशा माणसाला घेऊन चारचौघांत जायचं कसं?

बदलापूरला त्याच्या सोसायटीत निम्म्या ओट्यांवर मामाचे कांदे बसलेले असतात. कांदा महागला की बायका तो गुपचूप फोडणीत ढकलतात आणि मामा आला की "उंदरानं नेला हो" म्हणतात. मामा गंभीरपणे मान हलवतो आणि खिशातून दुसरा काढतो. "पांढरी, लांब मुळं आली तर पाणी चांगलं. आखूड, तपकिरी आली तर समजायचं काहीतरी आहे. कांदा खोटं बोलत नाही."

मामा वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालाय. त्यावर पोट भरेना म्हणून त्यानं अंबरनाथला नळाच्या तोट्यांना क्रोम चढवायचा छोटा कारखाना टाकला. पुढे तो बंद केला, का ते कुणालाच सांगितलं नाही, आणि उल्हासनगरच्या बाजारातून एक जुना मायक्रोस्कोप उचलून आणला. "साईं, इसमें चाँद के खड्डे दिखेंगे," असं दुकानदार म्हणाला होता म्हणे. मामाला चंद्राचं काय पडलंय! तो मुळाचं टोक कापतो, रंगवतो, काचेवर ठेवून अंगठ्यानं चेपतो आणि सापडेल त्याला डोळा लावायला बसवतो.

एकदा मी सापडले.

"हे धागे दिसतात का? यात डीएनए असतो. इथे पेशीची वाटणी चाललीय. दोन भावांत जमीन वाटतात ना, तशी. दोघांना अगदी सारखी. आता ही दुसरी काच बघ. हिच्यात धातू शिरलाय. धागे एकमेकांना चिकटले, तुटले. हा तुकडा बघ, मधेच पडलाय. सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही! अशा पेशी वाढतील कशा? मूळ तिथेच खुंटतं."

"पण थोडाच धातू असला तर?" मी विचारलं.

"मग झाड जगतं. पान हिरवंगार दिसतं. तीच तर गोची आहे," मामा म्हणाला आणि काच पुसायला लागला.

माझ्या लग्नाच्या वेळी तर त्यानं कहरच केला. आम्ही उल्हासनगरला मुलाचं घर बघायला गेलो होतो. पाणी आलं आणि मामाचा हात खिशात गेला. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण कांदा ग्लासावर चढलाच. मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हणं, जेवताना देतो ना कांदा, घाई काय हाय?" सगळे हसले. मी लाजेनं अर्धी झाले. मग दोन दिवसांनी मुलाचा फोन आला, "मामांना सांगा, मुळं पांढरी आलीत. आता पुढे काय करायचं?" तिथेच आमचं जमलं.

पण आईच्या घरी मामाचं वागणं कुणालाच हसू येण्यासारखं नव्हतं. तिचं घर अंबरनाथच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या गावात. मागे तिचा मळा, अळू आणि लाल माठ, सगळं नाल्याच्या पाण्यावर. आई दर भाऊबीजेला अळूवड्या करते. मामा येतो, ओवाळून घेतो, ओवाळणी घालतो आणि मग पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढतो. "पोट बरं नाही," म्हणतो. जाताना एवढंच सांगतो, "नाल्याचं पाणी घालू नको गं भाजीला."

"बापानंपन हाच पानी घातला," आई म्हणायची. आणि तो गेला की रडायची. "दादूस आता फ्ल्याटवाला झाला. माज्या हातचा त्याला चालत नाय." आमच्यात मोठ्या भावाला दादूस म्हणतात. त्या दादूसनं तिच्या घरी एक घास खावा, एवढंच तिचं मागणं होतं.

या भाऊबीजेला मला सातवा महिना होता. आईनं पहिलं ताट मला वाढलं, वड्यांचा ढीग. "खा गो, दोन जीवांची हायस."

मी वडी तोंडाशी नेली आणि मामानं ती हातातून हिसकावली. ताटही ओढलं. आणि खायला लागला. भराभर, एकामागून एक, ठसका लागला तरी.

आई उखडलीच. "लाज नाय वाटत? इतकी वर्सं माज्याकडं जेवला नायस, आन् आता पोटुश्या पोरीच्या ताटातला वरबडतस?"

"वाटते," मामा म्हणाला. तोंडात घास तसाच. "लाजच वाटते गं. माझ्या कारखान्याचं पाणी ह्याच नाल्यात जायचं. पिवळं. मी शिकलेला होतो, मला कळत होतं, तरी सोडत राहिलो. धातू कुजत नाही. गाळात बसतो, तिथून पाण्यात, पाण्यातून तुझ्या अळवात. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

मला त्याच्याकडे बघवेना.

"मग तू कशाला खाल्लास?" आईनं विचारलं.

"टाकून दिलं असतं तर तू पुन्हा वाढलं असतंस. आणि तू इतकी वर्षं खाल्लंस. मी बिस्किटं खात होतो."

आईनं उरलेल्या वड्या उचलून मागे नेऊन पुरल्या. परत आली तेव्हा हात मातीचे होते. "नाल्याच्या पान्यावर ठेवलास कवा कांदा?"

"दर महिन्याला ठेवतो. एकदा तरी पांढरी मुळं येतील म्हणून."

आईनं टोपलीतला एक कांदा निवडला, साल काढली, बूड खरवडलं, पदरानं पुसला आणि त्याच्या खिशात घातला.

"ठेव परत. या वक्ताला मी पन येतंय बघाला."