भविष्य, पक्क्या पोलादातलं

मंडळी, पुढच्या दहा वर्षांत यंत्रांच्या दुनियेत काय होणार हे ज्योतिष्याला सांगता येत नाही, सरकारला सांगता येत नाही. मला येतं! मी एका सकाळीत सांगून मोकळा झालोय. आणि सांगितलंय तेसुद्धा इतकं भक्कम, की उचलायला क्रेन लागते. थाप वाटत असेल तर कारखान्यात या आणि हात लावून बघा. जपून लावा म्हणजे झालं, कडा अजून धारदार आहेत.

आमचा कारखाना गिअरबॉक्सचा. मी तिथला विकास विभाग. विभागप्रमुख नव्हे हो, अख्खा विभागच! एक खोली, एक पलंगाएवढं ड्रॉइंग-टेबल, एक मोठी खिडकी आणि मी. त्या खोलीवर माझा इतका जीव, की बायको म्हणते, "माझ्या आधी तुमचं त्या टेबलाशी लग्न झालंय, मी आपली दुसरेपणाची!"

एके सकाळी मालक प्रदर्शनाहून परतले ते तोंड पाडून. वयानं लहान आहेत, वडिलांच्या मागं कारखाना सांभाळतात. मला काका म्हणतात, पण चिडले की त्या 'काका'त नोटिशीचा कागद खडखडतो.

"काका, तिथं ज्याच्या त्याच्याकडे तंत्रज्ञानाचा रोडमॅप आहे! आज काय बनवतो, पाच वर्षांनी काय बनवणार, दहा वर्षांनी काय. आपल्याकडे काय आहे?"

"ऑर्डरी आहेत, साहेब."

"त्याही जातील! आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदीप्रमुख बाई गुरुवारी येतायत. ज्याला पुढचं दिसतं, त्याच्याशीच लांब मुदतीचा करार करणार म्हणतात. करार गेला तर विकास विभाग बंद! तुमच्या खोलीत पॅकिंगची खोकी रचायची."

खोकी! माझ्या खोलीत! बायकोला सवत आणतो म्हटलं असतं तर ती जशी तडकली असती, तसा मी तडकलो.

"साहेब," मी म्हणालो, "असा रोडमॅप काढतो की बाईंचे डोळे दिपले पाहिजेत!"

दार लावून घेतलं, टेबलावर सगळ्यात मोठा कागद ताणला आणि भविष्यकाळ काढायला बसलो. डावीकडे तळाशी आजचा गिअरबॉक्स. तिथून एक वक्ररेषा उजवीकडे वर वर चढलेली, फणा काढलेल्या नागासारखी ऐटदार! तिच्यावर टप्प्याटप्प्यानं गोल. एका गोलात 'सेन्सर बसवलेला गिअरबॉक्स'. पुढच्यात 'आपला बिघाड आपणच आधी सांगणारा गिअरबॉक्स'. मग 'आवाज न करणारा'. आणि पार टोकाला 'तेल न लागणारा गिअरबॉक्स'! मीच मागं सरकून स्वतःला नमस्कार केला.

आता माझ्या हाताला एक वळण आहे. जन्मभर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढलेला माणूस मी. भाजीची यादी केली तरी खाली स्केल लिहितो. तेव्हा रोडमॅपच्याही कोपऱ्यात नेहमीची चौकट आली. चौकटीत रकाने आले. आणि रिकामा रकाना मला बघवत नाही, पडलेल्या दातासारखा दिसतो. भरून टाकले! स्केल : कागदाच्या पाचपट. मटेरियल : मिश्र पोलाद. नग : एक. मापात सूट : नाही. शेरा : अत्यंत तातडीचे. खाली झोकात सही ठोकली, कागद टेबलावर तसाच ठेवला आणि जेवायला गेलो.

आमच्याकडची रीत अशी, की माझी सही झालेला कागद टेबलावर दिसला की रेकॉर्डच्या बाई तो उचलतात, 'उत्पादनासाठी' असा शिक्का हाणतात आणि खाली मशीन शॉपला धाडतात. कागदावर काय आहे ते त्या बघत नाहीत. सही बघतात!

जेवून आलो तर टेबल मोकळं. पण मला काही वावगं वाटलंच नाही. म्हटलं, मालकांनी फ्रेम करायला नेला असणार. एवढी देखणी वस्तू उघड्यावर कोण ठेवील?

मशीन शॉपचा फोरमन म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला सगळे मायक्रॉन म्हणतात. काम मायक्रॉनभर चुकलं तर तो स्वतः जेवत नाही आणि दुसऱ्याला जेवू देत नाही. त्याला घडवला मीच! पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "ड्रॉइंगमध्ये आहे तेच करायचं. वस्तू कशाला लागते, विचारायचं नाही. विचार करायला वर मी बसलोय!"

संध्याकाळी त्याचा फोन आला. "दाजी, तुमची ती चढण फारच उभी आहे हो. थोडी कमी करू का?"

मी ताडलं, मालकांनी रोडमॅप कारखानाभर दाखवलेला दिसतोय! "मुळीच नाही! उभी म्हणजे उभी. घाबरतोस काय?"

"घाबरत नाही हो. पण शेवटचं टोक हवेत लोंबतंय. खाली आधारच नाही."

"अरे, भविष्याला कुठं आधार असतो?"

"माणसं पुरायची नाहीत, दाजी."

"सगळी लाव! या कामातून एकही माणूस सुटता कामा नये!"

"आणि हातातली कामं?"

"बाजूला सार! याच्यापुढे कशाला काही किंमत आहे का?"

"मानलं दाजी तुम्हाला! ताई उगाच म्हणते, तुमच्यात दम नाही म्हणून."

त्यानंतर खालून जो काही आवाज सुरू झाला! खरखर, करकर, धाडधाड! खिडकीच्या काचा थरथरायच्या, चहात लाटा यायच्या. मी मनात म्हणायचो, बघा, नुसता एक कागद काढला तर केवढा उत्साह संचारलाय!

गुरुवार उजाडला. खरेदीप्रमुख बाई आल्या. उंच, ताठ, आणि नजर अशी की समोरच्याचं माप घेऊन त्याला नापास करायचं. मालक माझ्या कानाशी लागले.

"काका, रोडमॅप काढा."

"तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? मी अजून बघितलासुद्धा नाही!"

पलंगाएवढा कागद मी खिशात चाचपून बघायला लागलो! तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आधी माझे गिअरबॉक्स दाखवा. आज तयार मिळणार होते."

खाली उतरलो. गिअरबॉक्स होते, पण कोपऱ्यात ताडपत्रीखाली. निम्मे नुसतेच खोके, आत दाते नाहीत, काही नाही.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

मायक्रॉन छाती काढून पुढं आला. "बाजूला ठेवलेत, मॅडम! दाजींचं तातडीचं काम होतं." आणि त्यानं क्रेनवाल्याला हात केला.

वरून साखळ्या कण्हायला लागल्या. आणि हॉलच्या त्या टोकाकडून, मंडळी, माझा रोडमॅप आला! हवेतून! हत्ती एका पायावर उभा करावा, एवढा! झगझगीत पोलादाची वक्ररेषा, तिच्यावर घासून आरसा केलेले गोल, गोलांत कोरलेली अक्षरं. नागाचा फणा असा काही उभा राहिला होता की खालचे कामगार दोन पावलं मागं सरले. मालकांनी डोळे मिटून घेतले. माझी खोली मला खोक्यांनी छतापर्यंत भरलेली दिसायला लागली!

"हे काय आहे?" बाई.

आता गप्प बसलो तर खोली गेली! मी घसा साफ केला. "हा आमचा रोडमॅप, मॅडम. लोक कागदावर काढतात आणि दर तिमाहीला खोडतात. आम्ही एकदाच ठरवतो. पोलादात!"

बाई मान वर करून वाचत चालल्या. "सेन्सर... बिघाड... आवाज... तेल न लागणारा. बरं. आणि त्याच्याही पुढं, 'चष्म्याची काडी बसवून घेणे'?"

कागदाच्या कडेला मी स्वतःसाठी लिहिलेली आठवण! मायक्रॉननं तीही कोरली होती, सगळ्यात खोल.

"दूरदृष्टी, मॅडम!" मी म्हणालो. "तिला चष्मा लागतोच."

बाई हसल्या नाहीत. "ड्रॉइंग आणा. आणि मापं घ्यायची साधनं." मग त्या चक्क वाकून एकेक माप ताडून बघायला लागल्या. मायक्रॉन ओठ चावत होता, मालक नखं, मी दोन्ही.

अखेर त्या उभ्या राहिल्या. "कुठंही फरक नाही," त्या म्हणाल्या. "इतकी निरुपयोगी वस्तू जी माणसं इतकी अचूक करतात, ती माझे गिअरबॉक्स कसे करतील! उशीर माफ. करार पक्का."

मायक्रॉननं मला उचललं. खरंच उचललं, क्रेनशिवाय! मालक म्हणाले, "काका, विकास विभागाला आता कोण हात लावतो बघू!" मी माझ्याच तोऱ्यात म्हणालो, "मी तेव्हाच म्हटलं होतं!" काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

बाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "हा रोडमॅप विकास विभागातच ठेवा. मी दर वर्षी येऊन बघणार, कुठवर आलात."

करारातलं कलम झालं ते! दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीची एक भिंत पाडली, क्रेननं रोडमॅप आत घातला आणि भिंत परत बांधली. टोक मावेना, ते खिडकीतून बाहेर काढलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थबकतो, मान वर करतो. नव्या माणसाला मी स्वतः घेऊन जातो आणि अभिमानानं दाखवतो : ही माझी खोली, आणि आत आहे ते आमचं भविष्य!

मी? मी बाहेर जिन्याखाली बसतो. खोलीत आता भविष्य आणि माणूस दोघं मावत नाहीत. टेबल जिन्याखाली शिरेना, तेव्हा ते घरी पाठवलं. बायको त्याच्यावर कपड्यांच्या घड्या घालते.