सरांनी न फोडलेली चकती

सोनवणे सरांनी पहिल्याच दिवशी माझा कप फोडला. चहा संपवून मी तो नुकताच खाली ठेवला होता. त्यांनी उचलला, टेबलाच्या कडेवर आपटला, तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "दाणा बारीक आहे. चांगला भाजलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कप आणून दिला, पण देताना त्यांचे हात शिवशिवत होते.

निघोज्याजवळच्या आमच्या कंपनीत हायड्रोजनवर वीज बनवणाऱ्या इंधनघटांसाठी सिरॅमिकच्या चकत्या बनतात. तापलेल्या चकतीतून प्रोटॉन आरपार जायला हवेत. "आत दाणे असतात, राव," सर सांगत. "दोन दाण्यांमध्ये सांधा. प्रत्येक सांध्याशी प्रोटॉन अडखळतो. दाणे मोठे, तर सांधे कमी." हे बघायला चकती फोडावी लागते. सरांना मग कशाचाच धरबंध राहिला नव्हता. गुळाची ढेप, खडीसाखर, काळेवाडीतल्या दुकानात मांडलेली फरशी! दुकानदार बोंबलला तर वर त्यालाच ऐकवायचे, "फोडल्याशिवाय कळत नाही, राव!"

मग एक चकती अशी निघाली, की आम्हाला वाटलं यंत्रच बिघडलं. प्रोटॉन सुसाट! पुन्हा मोजलं, तरी तेच.

"फोडा लगेच," कंपनीचे साहेब म्हणाले. "का झालं ते दाखवता आलं नाही, तर वरचे हे काम बंद करतील."

सर म्हणाले, "ही नाही फोडायची."

साहेब तणतणत निघून गेले.

"सर, असं काय करताय?" मी विचारलं.

"ही भट्टीत फार वेळ राहिली, म्हणून दाणे वाढले असणार. त्या दिवशी भट्टी मी बंद करायची होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तसाच पळालो."

सरांच्या पत्नी गेल्याचं आम्हाला ठाऊक होतं. ही चकती त्याच दिवसाची, हे मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ती गेली तेव्हा ही आत तापत होती, राव."

बराच वेळ ते चकतीवरून अंगठा फिरवत राहिले. मग ती माझ्या हातात ठेवली. "तू फोड. एक तुकडा मला दे."

मी फोडली. वळून बघतो तर सर भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात दाबून उभे.

तुकडा दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही, तसाच खिशात ठेवला.