गव्हातला ओटीपी

कोठीत पाच पोती गहू होता. गव्हात कोपरभर खोल तीन मोबाईल होते. गव्हावर किडे मारायच्या विषारी गोळ्या, त्यावर झाकण आणि झाकणाच्या कडेनं शेणमातीचा ओला लेप. यातलं मोबाईलचं फक्त खुशालला ठाऊक होतं, आणि गोळ्यांचं फक्त मंदाबाईला.

पालकसभेत एक पाहुणे सांगून गेले होते, की पोरांचा मोबाईल सोडवायचा तर आधी मोठ्यांनी आपला बाजूला ठेवावा. खुशालला ते इतकं पटलं, की आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःचा, बायको मंदाबाईचा आणि लेक रुचिकाचा, असे तिन्ही मोबाईल उचलून गव्हात पुरले. त्याची आई दागिने तिथंच ठेवायची. “आता रविवारी भेटतीन,” एवढंच त्यानं जाहीर केलं आणि सकाळी वांगी घेऊन पुलगावच्या बाजारात गेला. मंदाबाईनं तेवढ्यात गव्हातल्या सोंड्यांचा बंदोबस्त केला.

दुपारी तो परतला तेव्हा पुतण्या किशोर अंगणात उभा होता.

“काका, रुचिकाचा फोन काऊन लागून नाई राह्यला? नर्सिंगच्या यादीत नाव लागलं न तिचं! उद्या पाचच्या आत सीट पक्की कराची हाय.”

“मंग कर ना तुह्या फोनवरून.”

“ओटीपी तिच्याच नंबरवर येते, काका.”

खुशाल हसत कोठीकडे निघाला. मंदाबाई आडवी आली.

“हात लावू नोका. सकाळीच गोळ्या टाकल्या, आत जहरी गॅस भरला असंन. सात दिवस उघडाची नाई.”

“अवं, मोबाईल हायेत त्यात.”

“गव्हात?”

“गव्हात.”

खुशालनं नाकाला दुपट्टा बांधला आणि लेप फोडायला विळा उचलला. “दम धरतो न एका झटक्यात काढतो.”

“मांगच्या साली तुमच्या मावसभावानं असाच दम धरलता. त्याच्या तेरवीले तुमीच जेवून आले. बुंदी चांगली होती म्हणत होते.”

रुचिकानं बापाच्या हातातून विळा काढून घेतला. “राहू द्या, बाबा.”

“राहू द्या काय? दिवसभर रील पाहून राह्यली होती म्हणून तं हे करा लागलं!”

“रीलचं अॅप मी दिवाळीतच काढून टाकलं.”

“मंग दिवसभर काय पाहत होती?”

“यादी लागली का, ते.”

खुशालनं नाकावरचा दुपट्टा सोडला.

“दुसरं सिम घेऊ,” किशोर म्हणाला. तिघं पुलगावला धावले. दुकानदारानं आधार पाहिलं, अंगठा घेतला, त्याच नंबरचं नवं सिम दिलं. किशोरच्या जुन्या मोबाईलमध्ये ते संध्याकाळी सातला सुरू झालं. खुशालनं दुकानदाराला चहा पाजला.

“फोन लागतीन,” चहा संपवून दुकानदार म्हणाला, “पण मेसेज चोवीस तास बंद राह्यते. कोणी नंबर चोरू नोये म्हून नियम हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खुशाल तो मोबाईल मांडीवर घेऊन बसला. दर घडीला पडदा पुसून पाही. ताट वाढलं, तरी नजर हलेना.

“जेवताना फोन पाहू नोका,” मंदाबाई म्हणाली.

“थांब वं, आता येईन.”

“बाबा, भाकर थंडी होऊन राह्यली.”

पाच वाजता प्रवेशाची मुदत संपली. पहिला मेसेज सात वाजून चार मिनिटांनी आला.