बिनतारी सभा

सरचिटणीस झालो तर काय काय पदरात पडेल, याचा हिशेब सहदेव घाडीने अकरा वर्षं मनात तयार ठेवला होता. शिमग्याच्या पत्रिकेत नाव खालून तिसरं नाही, वरून दुसरं. पालखीपुढे मुंबईकरांच्या वतीने पहिला नारळ. दर लग्नात एक शाल; ती कोणी पांघरत नाही, पण कपाटात मोजता येते. आणि 'आडखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई' या संस्थेत आजवर खुर्च्या मांडल्या त्याने आणि बसले दुसरे, तो क्रम एकदाचा उलटला असता. खुर्च्या मांडणं, सहचिटणीस या त्याच्या पदाचं काम एवढंच होतं.

यंदा जुने सरचिटणीस लेकाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. पण तिच्यावर खजिनदार हर्षद सापळेचाही डोळा होता. हर्षद विमा एजंट. भांडुपच्या सतरा सभासदांपैकी दहांचे हप्ते त्याच्या हातात, म्हणजे दहांची मतंही. सहदेवने शांतपणे बेरीज केली आणि त्याच्या लक्षात आलं, की मुंबईत आपलं काही खरं नाही. उरलं गाव. आडखोलमधले एक्केचाळीस जण दरवर्षी वर्गणी भरत, मत मात्र देत नसत, कारण सभा भांडुपला. गावाला सभेत आणलं, तर गाव उपकार विसरणार नाही.

म्हणून नोटीस त्यानेच लिहिली : 'यंदाची वार्षिक सभा बिनतारी पद्धतीने गावाशी जोडण्यात येईल.' बिनतारी हा शब्द त्याला एवढा आवडला, की त्याने तो जाड ठशात छापून घेतला.

जोडणार होता मंडळाचा लॅपटॉप. तो इतका जुना होता, की विंडोज सुरू होईपर्यंत चहा व्हायचा, पिऊन व्हायचा आणि कप धुऊन व्हायचे. तेव्हा सहदेवने मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. ते फुकट असतं, एवढं ऐकूनच मंडळाने ठराव एकमताने मंजूर केला होता. राहता राहिली एक अडचण. दसऱ्याला अध्यक्ष श्यामकांतदादांनी लॅपटॉपची पूजा केली आणि तीर्थ जरा सढळ हाताने शिंपडलं. त्या दिवसापासून आतलं वायफाय आणि नेटची केबल लावायचं भोक, दोघंही देवाघरी गेली होती. म्हणून सहदेवने स्टेशनबाहेरून एक डोंगल आणला. नखाएवढी वस्तू, लॅपटॉपला खोचली की वायफाय पकडणार. दुकानदार म्हणाला होता, "लावा आणि विसरा."

सहदेवने शनिवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत तो लावला. लॅपटॉप तेवढं विसरला.

"ड्रायव्हर नाही," सहदेवने निदान केलं.

"अहो, मग रिक्षा करा," त्याची बायको शेवंती म्हणाली. ती नवऱ्याचा डबा द्यायला दुसऱ्या मजल्यावरून खाली आली होती.

"थट्टा नको. ड्रायव्हर म्हणजे डोंगल चालवायचा प्रोग्राम. तो नेटवरून उतरवायचा."

"आणि नेट?"

"डोंगल चालला की येईल."

शेवंतीने एक क्षण नवऱ्याकडे आणि एक क्षण डोंगलकडे पाहिलं. मग स्वतःचा फोन वायरीने लॅपटॉपला जोडून दिला. "आमच्या बचत गटाचं असंच करतो आम्ही. बघा, आलं नेट. उद्याची सभापण अशीच होऊ दे की."

सहदेवही मोहात पडला असता. पण दारात हर्षद उभा होता.

"वहिनी, नोटिशीत काय छापलंय? बिनतारी. जाड ठशात," हर्षद म्हणाला. "उद्या एक तार जरी दिसली ना, तरी मी हरकत घेणार. सभा बेकायदेशीर."

"लॅपटॉपच्या चार्जरला तार असते रे, हर्षद," सहदेव म्हणाला.

"ती विजेची. तिला मी सूट देतो."

म्हणजे फोनच्या वायरीने आज ड्रायव्हर उतरवायचा आणि उद्या डोंगलवर सभा. सहदेवने व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे काळी खिडकी उघडली, पहिला हुकूम टाइप केला आणि लिनक्सने विचारलं : पासवर्ड?

इथे खरी गंमत होती. पंधरा वर्षांपूर्वी मंडळाच्या एका खजिनदाराने एकट्याच्या सहीवर मंडळाची जेवणावळीची भांडी वाकोल्याच्या केटररला दिली, ती अजून यायची आहेत. तेव्हापासून मंडळात काहीही एकट्याच्या हाती राहत नाही. चेकवर तीन सह्या. कपाटाला तीन कुलपं. आणि लॅपटॉपच्या पासवर्डचे तीन तुकडे : पहिला अध्यक्षांचा, मधला खजिनदारांचा, शेवटचा सहचिटणीसाचा. एकाने टाइप करताना दुसऱ्या दोघांनी भिंतीकडे तोंड करायचं. पासवर्ड महिन्यातून एकदा लागायचा, तोवर हे ठीक होतं. पण लिनक्स घरातली खुर्ची हलवायलाही मालकाची परवानगी मागतं, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

श्यामकांतदादांना बोलावणं गेलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते; यंत्राला दम देऊनच हात लावणारे. त्यांनी एक अक्षर दाबलं आणि थबकले.

"उमटत नाय काय!"

"दादा, पासवर्ड पडद्यावर दिसत नाही. सुरक्षेसाठी."

"मला पण नाय? मी अध्यक्ष आहे!"

"कोणालाच नाही."

"मग मी काय दाबलं ते मला कसं कळणार?" असं म्हणून दादांनी त्यावर उपाय काढला. ते प्रत्येक अक्षर दाबण्याआधी खणखणीत आवाजात उच्चारू लागले. सहदेव आणि हर्षदने भिंतीकडे तोंड करून कानांत बोटं घातली. मग हर्षदने आपला तुकडा टाइप केला, ओठ हलवत. मग सहदेवने. पासवर्ड चुकला. पुन्हा तिघं. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा दादांचा हात कॅप्स लॉकवर टेकलेला सापडला.

चौथ्यांदा लागला. काळ्या खिडकीत अक्षरांचा पूर आला आणि थांबला. आणखी एक सामान उतरवावं लागणार होतं. दादा म्हणाले, "आधी चहा." चहा झाला. लिनक्सची आठवण पंधरा मिनिटांची. त्याने तिघांना ओळख दाखवायला नकार दिला. पासवर्ड?

"हा काय पोलीस चौकीत नोकरीला होता काय?" दादा भडकले.

दुपारी साडेचारपर्यंत हा कवायतीचा कार्यक्रम नऊ वेळा झाला. भिंतीकडे तोंड करणं, बोटं कानांत, दादांचा उच्चार, चहा. शेजारच्या शिवणक्लासच्या बायकांना वाटलं, कोणाचं तरी प्राणायामाचं शिबिर भरलंय. शेवंती कप गोळा करायला ये-जा करत होती. पाच वाजता डोंगलवर निळा दिवा लुकलुकला आणि पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचा पंखा उमलला.

"लागलं! दादा, लागलं!" सहदेवने अध्यक्षांना मिठी मारली. हर्षदने हात मिळवला, पण तो पेशंट दगावल्यावर मिळवतात तसा.

रविवारी सभा अकराला. सव्वादहाला सहदेवने इस्त्रीच्या शर्टात लॅपटॉप उघडला, टीव्हीला बिनतारी जोडायची पेटीही लावली आणि बघतो तर कोपऱ्यातला पंखा गायब. रात्रीत लिनक्सने स्वतःच स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं आणि कालचा ड्रायव्हर आजच्या लिनक्सला ओळखतच नव्हता. उपाय सोपा होता. कालचेच दोन हुकूम पुन्हा. पासवर्ड?

त्याने हर्षदला फोन लावला.

"मालाडला आहे रे, क्लायंटकडे," हर्षदचा आवाज गुळाचा झाला होता. "अकराच्या ठोक्याला पोचतो."

"अरे यार, तुझा तुकडा हवाय! आत्ता!"

"फोनवर सांगायचा नाही, नियम आहे. तूच तर लिहिलायस ना?"

सहदेव खुर्चीत बसला. तिकडे आडखोलमध्ये, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, एक्केचाळीस माणसं अंघोळी करून बसली असणार. अकरा वर्षं, आणि एक मधला तुकडा.

"वाट लागली, शेवंते," तो म्हणाला.

"सरका जरा," शेवंती म्हणाली. तिने फोन वायरीने जोडला, हात पदराला पुसले आणि एका दमात काहीतरी टाइप केलं. पासवर्ड लागला.

सहदेवचं तोंड उघडंच राहिलं. "हे... कसं?"

"दादा नऊ वेळा ओरडले, तो पहिला तुकडा. तुम्ही कानांत बोटं घातली होती, मी नव्हती घातली. हर्षदचे ओठ मी चहा देताना वाचले; विम्याच्या कंपनीचंच नाव आणि एक-दोन-तीन."

"आणि माझा?"

"आपल्या लग्नाची तारीख असणार, हे ठाऊक होतं. ती तुम्हाला चुकीचीच आठवते, हेही ठाऊक होतं. म्हणून बाराच्या जागी अकरा मे टाकली."

तारखेवर वाद घालायला वेळ नव्हता. दहा अठ्ठावन्नला निळा दिवा लागला. दहा एकोणसाठला शेवंतीने वायर उपटून पदराआड धरली. अकराला हर्षद आत शिरला, टेबलाखाली वाकून बघितलं, लॅपटॉपमागे बघितलं आणि टीव्हीवर अख्खं आडखोल त्याच्याकडे बघताना दिसलं.

"हर्षदा, काय हरावला रे?" टीव्हीतून कृष्णाबाईने विचारलं. कृष्णाबाई म्हणजे गावची माजी सरपंच. तारुण्यात गावची नळयोजना तिने कलेक्टरच्या दारात बसून आणली होती.

सगळे हसले. हर्षदने शेवटचा पत्ता टाकला. "पडद्यावर दिसतात ते सभेला हजर धरायचे का? घटनेत तसं नाहीये."

सहदेव उभा राहिला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच कोणी खुर्ची न मागता उभा राहिला होता. "जो दिसतो, जो बोलतो, जो वर्गणी भरतो, तो हजर! त्याला मतही! मी ठराव मांडतो." तो असा काही बोलला, की हर्षदच्या दहातले चार हप्तेवालेही टाळ्या वाजवून बसले. ठराव मंजूर झाला. दादांनी जाहीर केलं, "आता सरचिटणीसपदाची निवड."

"एक मिनिट," कृष्णाबाई म्हणाली. "सहदेवा, तुजा लय ब्येस झाला. आमका हयसून सगळा दिसता, सगळा आयकाक येता. मगे माका सांग, सरचिटणीस मुंबैचोच कित्याक व्हयो?"

हर्षदने सहदेवकडे पाहिलं, सहदेवने डोंगलकडे.

"आमी जावक शकत नव्हतव, म्हणान तुमी बघी होतास. आता आमी हयसूनच बघतव. गावचो कारभार गावान करूचो, मुंबैकरांनी गणपतीक येवन जेवूचा. काय गे?"

ओसरीवर एक्केचाळीस हात वर गेले. भांडुपला सगळे मिळून सतरा. गणित विम्याचं नव्हतं, त्यामुळे हर्षदलाही लगेच कळलं.

कृष्णाबाई सरचिटणीस झाली. खजिनदारही गावातच असलेला बरा, असं ठरून हर्षद मोकळा झाला. अध्यक्ष श्यामकांतदादाच राहिले, कारण अध्यक्षाला करायचं काही नसतं, याची गावालाही कल्पना होती. नव्या सरचिटणीसांनी पहिलाच ठराव असा मांडला, की दप्तर आणि लॅपटॉप डोंगलसकट आडखोलला यावेत, पार्सलचं भाडं पाठवणाऱ्याने द्यावं, आणि तिन्ही तुकडे आपल्याला पाठ असल्याचं शेवंतीने सभेतच सांगून टाकल्यामुळे, पासवर्डसाठी तिने फोनवर राहावं. एक्केचाळीस हात पुन्हा वर.

सोमवारी सहदेवने लॅपटॉप खोक्यात घातला, भोवती सत्कारासाठी आणून ठेवलेल्या दोन शाली गुंडाळल्या आणि पार्सलवाल्यासमोर वजनकाट्यावर ठेवला. एकंदर हिशेब असा झाला : हर्षदचं खजिनदारपद गेलं, मुंबईची सत्ता गेली, दादांचा घसा बसला. खिशातून पैसे मात्र एकट्याच्याच गेले. पावतीवर 'पाठवणाऱ्याचा हुद्दा' असा एक रकाना होता. सहदेवने जरा विचार केला आणि लिहिलं : सहचिटणीस.