कुंदाताई चिचुंद्रीचा अर्ज

एका जंगलात, बाळांनो, जिथे झाडांपेक्षा समित्याच जास्त उगवायच्या, तिथे कुंदाताई नावाच्या एक चिचुंद्रीबाई राहत होत्या. हुशार होत्या, आणि त्याहून हट्टी.

चिचुंद्री जगते दोन वर्षं. कासव जगतं दोनशे. बाकीच्या चिचुंद्र्या याला नशीब म्हणायच्या. कुंदाताई म्हणायच्या, "नशीब कसलं? जनुकांत लिहिलेलं असतं ते. वाचून बघते."

मग त्यांनी सडक्या केळ्यांवर चिलटं पाळली. चिलटांच्या तीस पिढ्या झाल्या. बिळाला असा वास सुटला की शेजारच्या चिचुंद्र्या नाक धरू लागल्या. चिचुंद्रीने नाक धरायचं म्हणजे विचार करा.

शेवटी म्हातारपण आणणारं जनुक सापडलं. त्याला गप्प बसवणारा एक अर्कही कुंदाताईंनी बनवला. तो चाटलेली चिलटं आठपट जगली.

आता प्रयोग चिचुंद्रीवर करायचा, तर संशोधन समितीची परवानगी हवी. इथेच घोडं पेंड खात होतं. सभासद अनुभवी हवेत म्हणून समितीवर तीन कासवं नेमली होती. समिती बारा वर्षांतून एकदा भरायची.

अध्यक्ष कूर्मरावांनी अर्ज सावकाश वाचला. "विषय उत्तम आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

"साहेब, मी दीड वर्षाची आहे. पुढच्या बैठकीला मी नसेन."

"अर्जदार गैरहजर असला तर अर्ज निकाली निघतो," कूर्मराव मायेने म्हणाले.

कुंदाताईंना मरणाचं फारसं काही वाटत नव्हतं. पण आपल्यामागे ही सगळी मेहनत सडक्या केळ्यांबरोबर फेकली जाणार, या विचाराने त्यांचा जीव तळमळला. घरी येऊन त्यांनी अर्काची वाटी स्वतःच चाटूनपुसून साफ केली. निव्वळ बैठकीला हजर राहता यावं म्हणून.

बारा वर्षांनी त्या तुरुतुरु चालत समितीपुढे आल्या.

"आपण कोण?" कूर्मरावांनी विचारलं.

"अर्जदार. कुंदा चिचुंद्री."

कूर्मरावांनी नोंदवही काढली. "चिचुंद्री दोन वर्षं जगते, असं इथे लिहिलंय. म्हणजे कुंदाताई केव्हाच वारल्या."

"अहो, मी समोर उभी आहे. त्या अर्काने जगले."

"अर्काला अजून परवानगी कुठाय? परवानगी नसताना तो गुण कसा देईल?"



समितीने शोकसभा घेतली. तिन्ही कासवं भरभरून बोलली. मग दोन मिनिटं शांतता पाळली, त्यात दुपार गेली. कुंदाताईही मान खाली घालून उभ्या होत्या. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

कूर्मराव नाक पुसत म्हणाले, "दिवंगत संशोधिकेची अखेरची इच्छा म्हणून अर्ज एकमताने मंजूर. बाई, त्यांचं काम तुम्ही पुढे चालवाल का?"

"प्रयत्न करीन," कुंदाताई म्हणाल्या. "पण त्यांच्याइतकं जमेल असं वाटत नाही."

तात्पर्य: बाळांनो, खूप जगा, ठणठणीत जगा. फक्त कागदोपत्री वेळेवर मरत चला, म्हणजे कामं अडत नाहीत.