पाहुण्यांसमोर खाजवायचं नाही

"पाहुणं जाईस्तवर अंगाला हात लावायचा न्हाई," बनाबाईंनी नवऱ्याला सकाळपासून बजावून ठेवलं होतं. "खाज आली तर गिळायची."

"गिळायला ती काय गोळी हाय?" धोंडिराम पुटपुटले, पण लेकीच्या, दीक्षाच्या लग्नाचा प्रश्न होता, म्हणून तयार झाले.

त्यांच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारून वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून दोनदा दीक्षा त्यांना कुंडलहून सांगलीला डायलिसिसला नेई. यंत्र रक्त धुऊन देई. पण सगळी घाण निघत नसे, आणि उरलेली खाज होऊन अंगभर फिरे. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे. आजाराची लोक निदान चौकशी तरी करत, खाजेला मात्र हसत, याचं धोंडिरामांना फार वाईट वाटे. त्यातून 'बाप डायलिसिसवर' एवढं ऐकून दीक्षाची दोन स्थळं परत गेली होती. म्हणून लोणंदच्या या स्थळाला लग्न ठरेपर्यंत काही सांगायचं नाही, असं बनाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. दीक्षाला ते मुळीच पटलं नव्हतं.

पाहुणे तिघंच आले. मुलगा महेंद्र, त्याचे वडील हरिबा आणि आई अनुसाबाई. "जयभीम" म्हणून धोंडिरामांनी हात जोडले. जोडलेले हात खाजवायला मोकळे नसतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी ते सोडलेच नाहीत. पाहुण्यांनाही संकोचानं बराच वेळ हात जोडून उभं राहावं लागलं.

सगळे घोंगडीवर बसले आणि धोंडिरामांच्या पाठीत खाज सुटली. एसटीचा ड्रायव्हर असताना घाटाच्या वळणावर ज्याचे हात कधी चुकले नाहीत, त्या माणसाला आज ते मांडीखाली दाबून बसायची वेळ आली होती. शेवटी त्यांनी दाराच्या चौकटीला पाठ लावली. हरिबा उसाच्या भावाबद्दल बोलत होते आणि धोंडिराम खाली-वर सगळं अंग हलवून त्यांना दुजोरा देत होते.

पण जांभईचं जे, तेच खाजेचं. बघता बघता हरिबांनी कान खाजवला. मग अनुसाबाईंनी कोपर. मग महेंद्रनं मान.

"घोंगडी नवी हाय. लोकर टोचती जरा," बनाबाई घाईनं म्हणाल्या.

"लोकर कसली? ढेकणं असतील!" अनुसाबाई टुणकन उठल्या.

"आमच्या घरात ढेकणं?" बनाबाईंचा पारा चढला. त्यांनी घोंगडी ओढून अंगणात नेली आणि काठीनं बडवायला घेतली. पाहुणेही खात्री करायला मागोमाग गेले. धूळ निघाली, ढेकूण एकही निघाला नाही. "बगितलं?" म्हणत बनाबाई विजयी मुद्रेनं आत वळल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

बाहेरची खोली रिकामी मिळाल्याबरोबर धोंडिरामांनी कंगवा सदऱ्याच्या मागून आत घातला होता. डोळे मिटले होते, तोंड अर्धवट उघडं होतं, आणि चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं सुख होतं.

"आगं बया! खरूज!" अनुसाबाई ओरडल्या.

तेवढ्यात दीक्षा स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

"पोहं ऱ्हाऊ दे पोरी. आदी हात दाव. बोटं फाकव," अनुसाबाई म्हणाल्या.

मुलगी बघायला आलेल्यांनी खरजेसाठी बोटांच्या बेचक्या तपासल्याचं कुंडलात कुणी ऐकलं नव्हतं. दीक्षानं बशा खाली ठेवल्या, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "नीट बगा. खरूज न्हाई. आबांच्या किडन्या गेल्यात. डायलिसिस चालू हाय, त्यानं खाज सुटती. लगीन झालं तरी त्यांना सांगलीला मीच न्हेणार. चालत असंल तर बोला."

आपल्या पाठीपायी पोरीचं तिसरं स्थळ गेलं, असं धोंडिरामांना वाटलं. कंगवा हातात धरून ते कसंबसं म्हणाले, "पोरीचा दोष न्हाई, पाहुणं. आमीच लपवलं."

"म्हंजे... दुसऱ्याला लागत न्हाई?" अनुसाबाईंनी दीक्षाला विचारलं.

"न्हाई."

"किडनीचंच हाय म्हना की! जीवात जीव आला बाई. मागं आमच्या घरात खरूज शिरली हुती. हातरुणं उकळून उकळून माझी कंबर गेली." त्यांनी बसकण मारली आणि पोह्यांची बशी ओढली. किडनीचं नाव ऐकून कुणाचा जीव भांड्यात पडलेला बनाबाई आज पहिल्यांदाच बघत होत्या.

"लोणंदला गाडीत बसायचं, वाटंत आबांना घ्यायचं, की सरळ सांगली," महेंद्र दीक्षाकडे बघत म्हणाला. "मी रेल्वेतच हाय. तुमी न्या, मला सुट्टी असंल तवा मीबी येतो."

दीक्षानं एवढा वेळ पुढं धरलेले हात आता कुठं मागं घेतले.

हरिबा उठले आणि धोंडिरामांच्या मागं जाऊन बसले. "कुठं हाय?"

"काय?"

"खाज."

"आवं, नगा! तुमी मुलाकडचं!" बनाबाई धावल्या, पण हरिबांचा हात सदऱ्यात शिरलासुद्धा.

मुलीच्या बापानं व्याह्यापुढं मान खाली घालावी, अशी आपल्याकडची रीत. धोंडिरामांनी ती अगदी मनापासून घातली, कारण त्यामुळं मानेमागची जागा बरोबर हाताशी येत होती.

"जरा डावीकडं, व्याही," ते म्हणाले.