सदर तरुणी गात आहे

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं आणि त्या आनंदात मी एक निर्णय घेतला. (आनंदाच्या भरात घेतलेले माझे सगळे निर्णय घरात अजून चर्चेत आहेत.)

त्या संध्याकाळी तिच्या लाडक्या हॉस्पिटलच्या मालिकेचा खास भाग होता. सगळी पात्रं एकाच पॉपगायकाची गाणी गाणार होती. हा गायक कॉलेजपासून तिच्या मनात आहे. मी नंतर आलो. पण एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू अजून तसाच, त्याला टीव्ही म्हणजे उजेडाचा नुसता चौकोन.

"मी नुसतं ऐकेन," ती म्हणाली.

"नुसतं कशाला? काय दिसतंय ते मी सांगत जातो."

"अहो, नको."

तोवर मी खुर्ची पुढे ओढली होती.

जन्मभर कचेरीत टिपणं लिहिली की माणूस बोलतोही तसाच.

"सदर तरुणी जिना उतरत आहे. हातात ट्रे. ट्रेबाबत खुलासा नाही."

"सदर कोण? नर्स का? रडतेय?"

"नाकाला हात लावलाय. शिंक असू शकते."

"अहो, तिचं लग्न मोडलंय!"

"मग रडत असावी."

एवढ्यात पेशंट ऑपरेशनच्या टेबलावरून उठून सर्जनबरोबर नाचू लागला. गातील हे मला माहीत होतं; नाचतील हे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळीच घरी आणलेल्या माझ्या पेशंटला मी कूससुद्धा बदलू देत नव्हतो! चॅनेल चुकलं, असं ठरवून मी रिमोट दाबला. बातम्या लागल्या. पुढे क्रिकेट. त्यापुढे समुद्रातलं कासव.

"अहो, गाणं कुठे गेलं?"

"शोधतोय."

"शेवटी माझं गाणं आहे! त्याच्यासाठी तर बसलेय!"

कासवापासून परतीचा रस्ता काही सापडेना. मी दाबेन ते बटण मला पुन्हा समुद्रातच नेत होतं.

"राहू दे हो," ती हळूच म्हणाली.

ती चिडली की मी निर्धास्त असतो. समजूतदारपणे बोलली की घाबरतो. मी टीव्ही बंद केला, घसा खाकरला आणि तिचं गाणं स्वतःच म्हणायला लागलो. इतकी वर्षं ती ते ओट्यापाशी गुणगुणत आली आहे, त्यामुळे चाल पाठ होती. शब्द अडले तिथे 'ला ला' घातलं. मधलं संगीतही तोंडाने वाजवलं.

तिने तोंडावर हात दाबला. खांदे हलू लागले. मग चाचपडत तिने माझा हात धरला, चांगला घट्ट. एवढ्या वर्षांत त्या गायकाला जमलं नाही ते मला जमलं होतं! मी भारावून दुसरं कडवं घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरं तिने घडाघडा वाचली. मी मनातल्या मनात डॉक्टरांचे, नर्सबाईंचे, त्या गायकाचे, झालंच तर कासवाचेही आभार मानले.

"डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "पण पट्टी एवढी भिजली कशी? रडलात का?"

"गाणं ऐकलं."

"कालच्या भागातलं ना? आमच्या घरीही सगळे रडले."

"तो भाग कुठला! ह्यांनी म्हटलं. हसू आवरेना हो. थांबा म्हणून हात धरला, तर ह्यांनी दुसरं कडवं सुरू केलं."

एवढं बोलून तिने नव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. दिसतंय स्वच्छ, हे मला तक्त्याशिवायही कळलं.

डॉक्टरांनी थेंब महिनाभर चालू ठेवले आहेत. गाणं मात्र त्यांनी कायमचं बंद केलं.